कापूस सापडेना: खेड्यातून ओपन सोर्समधला पहिला पीआर

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला-बदलायला मोकळा असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, काम कसं सुरू करायचं हे मराठीत शोधलं, की एक तर दहा टिप्सची यादी सापडते, नाही तर पुण्यातल्या मोठ्या कंपनीत बसलेल्या कोणाचं तरी भाषण. रोजचं दीड जीबी नेट, जुना लॅपटॉप आणि संध्याकाळी कधीही जाणारी लाइट हे सगळं धरून कोणी सांगत नाही. माझा पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मूळ कोडात घ्या अशी विनंती) नुकताच झालाय, आठवणी ताज्या आहेत, म्हणून लिहून टाकते.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अमरावती विद्यापीठातून बीसीए केलं. पुण्याला जायचं होतं, ते घरच्या कारणांनी राहिलं. आता तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रावर लोकांचे फॉर्म भरून देते. कॉलेजात पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा होती, पण ती परीक्षेपुरती. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हा शब्द फक्त जाहिरातींमधल्या नोकरीच्या अटींत वाचलेला.

जून २०२४ मध्ये अमरावतीहून लॅपटॉप आणला. कुठल्याशा कंपनीतून निघालेला, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १४,५०० रुपये. आतली हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवून घेतली, तिचे १,९०० वेगळे. बाबा म्हणाले, “एवढ्या पैशात तं गोऱ्हा आला असता.” बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकते. तरी हातात थोडेच पैसे असतील तर ते नव्या बॅटरीपेक्षा एसएसडीवर घाला. लाइट गेली की काम थांबतं हे खरं, पण डिस्क हळू असली तर लाइट असूनही थांबतं.

विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. मिंटची फाइल तीन जीबीच्या आत होती, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची सहाच्या आसपास, आणि माझा रिचार्ज रोज दीड जीबीचा. फाइल केंद्रावरच्या ब्रॉडबँडवर उतरवून पेन ड्राइव्हवर घरी आणली. आमच्या घरात सिग्नल येत नाही. मोबाइल वर स्लॅबवर टाकीच्या आडोशाला ठेवायचा आणि खाली खोलीत हॉटस्पॉट पकडायचा. दुपारी तो तापून बंद पडतो, त्यामुळे काही मोठं उतरवायचं असेल तर पहाटेच.

जुलै-ऑगस्ट लाडकी बहीण योजनेच्या अर्जांत गेले. केंद्राबाहेर सकाळपासून बायांची रांग, सर्व्हर कधी चालू कधी बंद. घरी यायला रात्र व्हायची. त्यातून जमेल तसं गिट शिकले. शिकण्यासाठी इंटरनेट लागत नाही हे तेव्हा कळलं. आपल्याच एका फोल्डरमध्ये गिट इनिट करायचं, फाइल बदलायची, कमिट करायचं (बदलाची नोंद पक्की करायची), ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढायची, मुद्दाम भांडण लावायचं, म्हणजे दोन ब्रँचमध्ये एकच ओळ वेगवेगळी बदलून मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोन शाखा जोडताना होणारी टक्कर) आणायचा आणि सोडवायचा. हे सगळं लॅपटॉपवरच होतं. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं ते जगभर विखुरलेल्या लिनक्सवाल्यांसाठी, त्यामुळे नेट नसताना काम करता येणं त्यात मुळातच आहे. आमच्यासाठी ही मोठी सोय.

गिटहबवर (गिटमधले प्रोजेक्ट ठेवायची वेबसाइट) खातं उघडणं फुकट आहे, पण दोन-चार गोष्टी आधीच करून ठेवा. एक म्हणजे सेटिंग्जमध्ये ईमेल खाजगी ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा आणि गिटमध्येही त्यांनी दिलेला नो-रिप्लाय पत्ताच टाका. कमिटमध्ये गेलेला ईमेल कोणालाही दिसतो आणि नंतर पुसणं फार कठीण. मुलींनी तर हे नक्कीच करावं. मग टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर ओळखीचा आणखी एक पुरावा. मी त्यासाठी मोबाइलवर कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप घेतलं आणि गिटहब काही रिकव्हरी कोड देतं. मोबाइल हरवला, पाण्यात पडला, तर त्या कोडांशिवाय खातं गेलंच म्हणून समजा. मी ते कागदावर उतरवून राशन कार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवलेत, कारण आमच्या घरात ती एकच वस्तू कधी हरवत नाही.

पुढचा अडथळा पुशचा, म्हणजे लॅपटॉपवरचं काम गिटहबवर चढवण्याचा. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंत सरळ पासवर्ड टाकतात. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब त्यासाठी पासवर्ड घेतच नाही. टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा लांब कोड) बनवावं लागतं नाही तर एसएसएच की (लॅपटॉपची ओळख पटवणारी किल्लीसारखी फाइल). मी की बनवली. ती घरी चालली, केंद्रावर चालेना, नुसती थांबून राहायची. तिथल्या नेटवर एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट (नेटचं दार) बंद होता. गिटहबने एसएसएच ४४३ पोर्टवरूनही ठेवलंय, कॉन्फिग फाइलमध्ये तीन-चार ओळी घातल्या की झालं. त्यांच्या मदतीच्या पानांवर ते नीट दिलंय. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर अडलात तर आधी हे बघा.

मग प्रश्न आला की काम कुठे करायचं. सुरुवातीला सगळ्यांसारखीच मोठ्या नावांकडे गेले. लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) रोज वापरते, म्हणून तेच घेऊ म्हटलं. पण तो कोड कित्येक जीबीचा, आणि माझ्या लॅपटॉपवर तो बिल्ड करायचा (कोडपासून चालू शकणारा प्रोग्राम बनवायचा) म्हणजे रात्र घालवायची. इथे एक गोष्ट ठळक सांगते: गिट क्लोन (सगळा कोड उतरवून घेणं) मध्येच तुटलं तर ते तिथून पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून करावं लागतं. आमच्याकडे वारं सुटलं की नेट तुटतं. त्यामुळे क्लोन करताना डेप्थ १ असं सांगायचं, म्हणजे फक्त शेवटची अवस्था उतरते, जुना इतिहास नाही. तो लागलाच तर नंतर हप्त्याहप्त्याने घेता येतो. दुसरा मार्ग गिटहबच्या कोडस्पेसचा, म्हणजे ब्राउझरमधून वापरायच्या त्यांच्या मशीनचा. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. कोड, लायब्रऱ्या (त्याला लागणारा दुसऱ्यांचा तयार कोड) सगळं त्यांच्या सर्व्हरवर उतरतं, आपल्या मोबाइलचा डेटा फक्त स्क्रीनपुरता लागतो. काम संपलं की ते बंद करायचं मात्र विसरू नका, ते आपोआप थांबेपर्यंत तास मोजले जातात.

‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांना जमेल अशी नोंदवलेली तक्रार किंवा काम) या लेबलवरून शोधायला सगळेच सांगतात. त्यात गंमत अशी की लोकप्रिय प्रोजेक्टवर असा इश्यू पडला की काही तासांत खाली पाच-सहा जण “मला द्या” म्हणून उभे. दिवसभर केंद्रावर असणाऱ्या माणसाने रात्री उघडून बघावं तर तो गेलेला. ऑक्टोबरात हॅकटोबरफेस्ट हा योगदान वाढवायचा वार्षिक ऑनलाइन उपक्रम सुरू झाला, म्हणजे तर विचारू नका. चार पीआर स्वीकारले गेले पाहिजेत असा २०२४ मध्ये त्याचा नियम होता. २०२० मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टासाठी लोकांनी इतके फालतू पीआर टाकले की त्यांना नियम बदलावे लागले, आणि तेव्हापासून ज्या प्रोजेक्टने स्वतः होकार दिलाय तेच धरले जातात. तरी नुसतं आपलं नाव यादीत घालण्यापुरते बनवलेले रेपो (प्रोजेक्टचे कोड-फोल्डर) आजही ढिगाने आहेत. सरावासाठी एकदा करा हवं तर. पण त्याला योगदान म्हणणं मला पटत नाही, आणि मुलाखतीत ते दाखवूही नये.

भाषांतराचं दारही उघडं असतं. लिबरऑफिसचं वेबलेटवर चालतं, फायरफॉक्सचं पाँटूनवर, विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरचं ट्रान्सलेटविकीवर. कोड यायची गरज नाही आणि डेटाही कमी लागतो. मीही एका ठिकाणी काही वाक्यं सुचवली. पण तपासणारं माणूसच नसलं की सूचना पडून राहतात. माझ्या अजून तशाच आहेत.

खरं काम सापडलं ते न शोधता. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि केंद्रावरची गर्दी एकदम ओसरली. त्या रिकाम्या दुपारी मी कोणत्या योजनेला कोणती कागदपत्रं लागतात याच्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलींत लिहायला घेतल्या. सातबारा कोणाला, आठ-अ कोणाला, उत्पन्नाचा दाखला किती वर्षांचा, विहिरीला काय, फळबागेला काय. त्या फाइलींत शोधायला पायथॉनमधलं एक छोटं ओपन सोर्स टूल घेतलं. एकच मुख्य मेंटेनर (सांभाळणारा माणूस) असलेलं, फारसं कोणाला माहीत नसलेलं.

‘मदत’ शोधलं तर बरोबर सापडलं. ‘नकल’ सापडलं. ‘कापूस’ शोधलं तर शून्य. ‘विहीर’ शून्य. ‘जमीन’ शोधलं तर जमिनीच्या नोंदींबरोबर ‘रक्कम खात्यात जमा’ असलेल्या सगळ्या फाइली समोर. आधी वाटलं फाइल नीट सेव्ह झाली नसेल. मग टूलचा कोड उघडला. तो इतका लहान होता की घाबरण्यासारखं काही नव्हतं. शब्द तोडणारी ओळ सापडली, तिच्याखाली एक प्रिंट टाकून ‘कापूस’ दिला. बाहेर आलं: क, प, स. तीन वेगळे तुकडे. टूल एका अक्षराचे शब्द गाळून टाकतं, त्यामुळे हाती काहीच उरत नव्हतं. ‘जमीन’चं होत होतं ‘जम’ आणि ‘न’, ‘जमा’चंही ‘जम’. काना-मात्रा नसलेला ‘मदत’ तेवढा सहीसलामत सुटत होता.

कारण असं की पायथॉनच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे शब्दात चालणारं चिन्ह. आपली मूळ अक्षरं त्यात बसतात. पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) वेगळा आहे, मार्क म्हणून, आणि पायथॉनचं नेहमीचं रेजेक्स त्यांना शब्दाबाहेर काढतं. ही तक्रार पायथॉनच्या बग ट्रॅकरवर (चुका नोंदवायच्या पानावर) २००७ पासून नोंदलेली आहे. म्हणजे टूल लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. त्याला इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये हे कधी दिसलंच नसतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे कापूस वेचणीची धांदल. सुट्टीच्या दिवशी मीही वावरात. त्यामुळे इश्यू लिहायला नोव्हेंबर उजाडला. लिहिण्याआधी जुने, बंद झालेले इश्यू चाळले, कोणी हेच सांगितलंय का ते बघायला. कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची (योगदानाचे नियम सांगणारी) फाइल वाचली, लायसन्स बघितलं, एमआयटी, म्हणजे वापरायला-बदलायला मोकळं होतं. इश्यूमध्ये चारच गोष्टी दिल्या: पायथॉनची आवृत्ती, टूलची आवृत्ती, तीन ओळींचा नमुना कोड, आणि काय यायला हवं होतं व काय आलं. देवनागरी न वाचता येणाऱ्या माणसालाही कळावं म्हणून प्रत्येक तुकड्याचा युनिकोड नंबर लिहिला. इंग्रजी माझंच, मोडकंतोडकं. एआयकडून गुळगुळीत करून घ्यायचा मोह झाला होता, पण केलं नाही. हल्ली मेंटेनर लोक यंत्राने लिहिलेल्या लांबलचक तक्रारींना वैतागलेत. कर्ल हे नेटवरून डेटा नेण्या-आणण्याचं साधन बनवणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ च्या सुरुवातीलाच त्यावर उघड नाराजी मांडली होती. मोडकं इंग्रजी चालतं. नमुना कोड चालला म्हणजे झालं.

मग वाट बघणं. हा भाग कोणी सांगत नाही. आधी दर तासाला मोबाइल बघायचे, मग दिवसातून एकदा, मग सोडून दिलं. मेंटेनर युरोपातले, नोकरी सांभाळून हे करणारे, त्यांचं उत्तर यायचं ते आमच्या रात्री. पहिलं उत्तर आलं तेव्हा मतदान होऊन निकालही लागले होते. आभार मानले होते आणि विचारलं होतं, दुरुस्ती करणार का? मात्र नवी लायब्ररी जोडायची नाही. रेजेक्स नावाची वेगळी लायब्ररी हे काम नीट करते, मीही तीच सुचवली होती, पण टूल हलकं ठेवायचं हा त्यांचा नियम. पटला मला तो. प्रत्येक बाहेरची लायब्ररी म्हणजे आणखी एका अनोळखी माणसावर भरवसा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत घुसवलेलं मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) उघडकीस आलं, आणि ते घुसवणाऱ्याने दोनेक वर्षं नीट काम करून आधी विश्वास कमावला होता. त्यानंतर नव्या माणसाचा कोड लोक बारकाईने बघतात, प्रश्न विचारतात. तो आपल्यावरचा संशय समजून मनाला लावून घेऊ नये.

रेपो फोर्क केला, म्हणजे गिटहबवर त्याची स्वतःची प्रत काढली, वेगळी ब्रँच काढली. दुरुस्ती थोड्या ओळींची: पायथॉनसोबतच येणाऱ्या युनिकोडडेटा मॉड्यूलकडून मार्क वर्गातली चिन्हं एकदाच गोळा करायची आणि शब्दाच्या व्याख्येत घालायची. टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) मात्र दुरुस्तीपेक्षा लांब झाल्या. मराठीसोबत तमिळ आणि बंगालीही घातल्या, कारण अडचण त्यांचीही तीच. कमिटला साइन्ड-ऑफ-बाय ओळ लागते असं फाइलीत लिहिलं होतं. हा कोड मीच लिहिलाय आणि तो द्यायचा मला अधिकार आहे, याचं ते एका ओळीचं हमीपत्र. कमिट करताना उणे एस लावलं की आपोआप येतं.

पीआर डिसेंबरात टाकला, आणि टाकल्या टाकल्या खाली पिवळी पट्टी: मंजुरीच्या प्रतीक्षेत. मला वाटलं माझ्याकडूनच काही राहिलं. तसं नसतं. पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या पीआरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या मेंटेनरने बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. आपण काहीच करायचं नसतं.

बटण दाबलं गेलं. लिनक्स हिरवं, मॅक हिरवं, विंडोज लाल, म्हणजे तिथली तपासणी नापास. विंडोजवर पायथॉन फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नसेल तर यूटीएफ-८ धरत नाही, विंडोजचं आपलं जुनं धरतं, आणि देवनागरीची टेस्ट फाइल वाचताना अडतं. टूलच्या मूळ कोडातही एका ठिकाणी तेच होतं, म्हणजे विंडोजवर मराठी नोंदी कोणी वापरल्याच नव्हत्या. दोन्ही ठिकाणी एन्कोडिंग लिहिलं. लिंटरने (कोडची मांडणी तपासणारं साधन) ओळ लांब आहे म्हणून एकदा परत पाठवलं. त्यासाठी प्री-कमिट नावाचं साधन घरीच लावून घ्या, पुश करायच्या आधीच ओरडतं, डेटा वाचतो.

मग मेंटेनरनी कोडच्या ओळींवर शेरे लिहिले. एका व्हेरिएबलचं नाव बदला, ही टेस्ट दोन भागांत करा, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) ओळ घाला. शेऱ्यांची भाषा कोरडी असते, ‘हे कशाला?’ एवढंच. पहिल्यांदा वाचून पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचलं तर खरंच एवढाच प्रश्न होता, कशाला? उत्तर दिलं, त्यांनी पसंतीचा अंगठा टाकला. त्यानंतर नाताळ आला आणि सगळं ठप्प. या काळात आठवण करून देणारे मेसेज टाकू नका. दोन-तीन आठवडे काहीच हालचाल नसेल तर एक ओळ पुरे.

पीआर मर्ज झाला जानेवारी २०२५ मध्ये, मकर संक्रांतीच्या सुमारास. तिळगुळाचं ताट माझ्या हातात होतं आणि मोबाइल वाजला. पण मर्ज झालं म्हणजे लगेच सगळ्यांना मिळालं असं नाही. नवी आवृत्ती बाहेर पडेपर्यंत पिप (पायथॉनमधली टूल उतरवणारं साधन) वापरून इन्स्टॉल केलं तर जुनंच उतरतं. ती आली फेब्रुवारीत. मग केंद्रावर बसवलं, ‘कापूस’ शोधलं, अकरा नोंदी आल्या.

घरी सांगणं हे वेगळंच प्रकरण. बाबांनी विचारलं, “पैसे भेटते का याचे?” नाही म्हटलं. “मंग फुकटात काहून करून राह्यली वं?” त्यांना फेरफाराचं उदाहरण दिलं. सातबाऱ्यावर नोंद बदलायची तर अर्ज द्यायचा, तलाठी नोंद घेतो, हरकत असेल तर लोक सांगतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि मग ती कायमची लागते, नाव-तारखेसकट. पीआरचंही तसंच. “आन तलाठ्याले काही द्या लागत नाही?” नाही. “मंग चांगलं हाय,” म्हणाले आणि ढोरं सोडायला गेले.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. ज्याला घर चालवायचंय त्याने वर्षभर फुकट काम करावं असं मी म्हणणार नाही. पैसे मिळणारे मार्ग आहेत. गुगल समर ऑफ कोड (ओपन सोर्समध्ये मानधनावर काम करायचा उपक्रम) २००५ पासून चालू आहे, २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट काढलीय, वय १८ पूर्ण हवं. अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास. आउटरीची (Outreachy) या उपक्रमाची ओपन सोर्समधली इंटर्नशिप घरबसल्या असते, मानधन ७,००० डॉलर. दोन्हीकडे आधी त्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी केलेलं असलं तरच निभाव लागतो, त्यामुळे अर्जाच्या महिन्यात जागं होऊन भागत नाही. मी यंदा अर्ज केलेला नाही, केंद्रावरून तेवढे तास निघत नाहीत.

सध्या त्याच टूलमध्ये दुसरा पीआर अडकलाय. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, जुन्या फाइलींत साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखे, टूलला वेगळे. मी तो जॉइनर सरसकट काढून टाकायचं सुचवलं होतं. मेंटेनरनी दाखवलं की कुटुंबाचे वगैरे इमोजी त्याच्यानेच जोडलेले असतात, ते तुटतील. मग फक्त देवनागरी र् च्या पुढचाच काढू आणि त्या र चा ऱ करू, असं ठरत आलंय. नेपाळीतही हा र वापरतात, म्हणून तिकडच्या एका वापरकर्त्याला विचारून ठेवलंय की त्यांचं काही बिघडणार नाही ना. त्याचं उत्तर आलं की टेस्ट लिहायला बसेन. तोवर हरभरा काढून व्हायचाय.